काकू, माल्बेक आणि अनंतगिरी

मंडळी, "गोवळकोंडा झाला, बिर्याणी झाली, बांगड्या घेऊन झाल्या, आता हैदराबादहून एका दिवसात कुठे जाऊन येऊ?" असं पुण्याची माणसं मला सारखी विचारतात. तर हे घ्या उत्तर. अनंतगिरीला जा. सोबत एक लाल वाइनची बाटली, एक दगड आणि एक चुलतसासू न्या. दगड आणि सासू ऐच्छिक आहेत, पण त्यांच्याशिवाय मजा नाही.

त्याचं असं झालं. काकू म्हणजे माझ्या नवऱ्याची काकू. नल्लकुंट्यात आमचं दोन मजली घर आहे. वर आम्ही, खाली काका-काकू. मी मूळची पुण्याची. आयटीतली नोकरी आणि नवरा दोन्ही हैदराबादेत मिळाले म्हणून इथे आले. सासरची मंडळी परभणीकडची शेतकरी, पण तीन पिढ्या इथेच मुरलेली. घरात मराठी, बाजारात दखनी, भाजीवाल्याशी तेलुगू आणि भांडताना तिन्ही. नवरा सध्या कंपनीच्या कामासाठी परदेशी आहे, तेव्हा या सगळ्या प्रकरणात तो निर्दोष आहे.

काकूंचा एकुलता एक अविनाश अमेरिकेत असतो. तिथेच त्याने लुसिया नावाच्या अर्जेंटिनाच्या मुलीशी लग्न केलं. काकूंनी आधी तोंड पाडलं, मग फोटो पाहिला, मग "नाक बरंय पोरीचं" म्हणाल्या आणि विषय मिटला. आता अविनाश, लुसिया आणि तिचे आईवडील असे सगळे पहिल्यांदाच हैदराबादला यायचे होते. लुसियाचे वडील मेंदोसा नावाच्या प्रांतातले, द्राक्षमळ्यांच्या मुलखातले. येताना ते आपल्याकडची वाइन आणणार, आणि पहिल्या जेवणाला सगळ्यांनी ग्लास उचलायचा, ही त्यांच्या घरची रीत. हे अविनाशने फोनवर सांगितलं आणि वर म्हणाला, "आई, तू टेन्शन घेऊ नको. मी उभा राहून त्यांना सांगेन, आमच्याकडे बायका घेत नाहीत, माफ करा म्हणून."

काकूंनी फोन ठेवला आणि दुखऱ्या गुडघ्यानिशी जिना चढून वर आल्या. दारातच विचारलं, "मुग्धा, तुला ती वाइन प्यायला येते का?"

येते का, हं. जसं पोहायला येतं, सायकल येते, तसं. मी म्हटलं, "येते थोडीफार. का हो काकू?"

"मग मला शिकव. माझा लेक माझ्यापायी उभा राहून माफी मागणार? पहिल्याच जेवणाला, व्याह्यांसमोर? मी काय आजारी आहे का? दोन घोट तर घ्यायचेत. फक्त तोंड वाकडं नाही झालं पाहिजे, ठसका नाही लागला पाहिजे अन् डोक्यात नाही गेली पाहिजे. तेवढं बघ बाई."

आता माझं वाइनज्ञान म्हणजे कंपनीच्या दोन पार्ट्या आणि इंटरनेट. पण माझ्या पोळ्यांना पाच वर्षं नाकं मुरडणाऱ्या बाईने आज मला "शिकव" म्हटलं होतं. मी लगेच हो म्हणून टाकलं.

खरेदी बंजारा हिल्सला. दहा-पंधरा वर्षांपूर्वी परदेशी बाटली म्हणजे कुणाच्या तरी दुबईच्या मेहुण्याची सुटकेस, आणि त्यात टॉवेलात गुंडाळलेला ऐवज. आता देश खुला झालाय म्हणतात, तो असा दिसतो: एसीचं दुकान, टाय लावलेला विक्रेता आणि देशोदेशीच्या बाटल्या भिंतीला टेकून आडव्या झोपलेल्या. एक फ्रेंच बाटली मी उचलली, किंमत वाचली आणि झोपलेल्या बाळासारखी परत ठेवली. विक्रेता म्हणाला, "मॅडम, माल्बेक लेके जाव. अर्जेंटिना की है, पहाड पे होती, दाम भी ठीक है." साडेआठशेला मिळाली. शिकाऊ लोकांसाठी हा आकडा ध्यानात ठेवा; कमीत मिळते ती बहुतेक साखरेचं पाणी असते आणि जास्तीची आपल्याला कळत नाही.

आता ही वाइन घरी का नाही उघडायची? कारण नल्लकुंटा. आमच्या गल्लीत कुकरच्या शिट्ट्यांवरून शेजारणी ओळखतात की आज वरण आहे की मटण. शिवाय काकूंचं भजनी मंडळ गुरुवारी आमच्याच ओट्यावर बसतं. आणि तिसरं कारण म्हणजे काका.

काका वीज खात्यातून निवृत्त झालेत आणि तेव्हापासून मिळेल ते वाचतात. औषधाच्या खोक्यातला बारीक अक्षरातला कागदसुद्धा सोडत नाहीत. बाटलीमागची चिठ्ठी त्यांनी भिंगातून वाचली आणि जाहीर केलं, "ही पाच हजार फुटांवरची आहे. इथे खाली उघडायची नाही."

"का हो काका?"

"हवेचा दाब. वरच्या हवेत भरली, खालच्या हवेत उघडली की चव दबते. साधं शास्त्र आहे. उंचावर जायला पाहिजे."

मी आयटीतली असले तरी शास्त्र शाखेची आहे, हे साफ खोटं आहे हे मला कळत होतं. पण काकांना अनंतगिरीला जायचंच होतं. त्यांच्या जुन्या सहकाऱ्याची, रेड्डीकाकांची, तिथे टेकडीवर आंब्याची बाग आहे, दोन खोल्यांचं घर आहे आणि किल्ली आमच्याकडेच असते. आणि काकूंना कुणी बघणार नाही अशी जागा हवी होती. त्यामुळे मी दाबाला विरोध केला नाही.

रविवारी सकाळी निघालो. भाड्याची गाडी, ड्रायव्हर यादगिरी. दिवसाचे बाराशे आणि त्याचं जेवण, असं ठरलं. रेल्वेनेही विकाराबादपर्यंत जाता येतं आणि स्वस्तात पडतं, पण आमच्याकडचं सामान बघा: भाकरीचा डबा, ठेच्याची बरणी, ताकाची कळशी, ते घुसळायची रवी, मुरवलेल्या मटणाचं पातेलं, कोळशाची पिशवी, काकांनी कोठीच्या बाजारातून आणलेले उभ्या दांड्याचे चार ग्लास, आणि एक दगड. पाट्याएवढा काळा ग्रॅनाइटचा दगड. पत्थर का गोश्त त्यावर भाजायचं. यादगिरी तो डिकीत ठेवताना म्हणाला, "अम्मा, वहाँ पूरा पहाडच है ना. पत्थर घर से कायकू?"

"तिथला दगड तापला की फुटतो," काकू मराठीतच म्हणाल्या. यादगिरीला मराठी येत नाही, पण काकूंचा सूर येतो. त्याने डिकी लावली.

ग्लासांबद्दल सांगायचं राहिलं. वाइनचे ग्लास आणा असं मी काकांना सांगितलं होतं, दांड्याचे. कोठीच्या दुकानदाराने त्यांना दांड्याचे ग्लास दिले आणि ते होते फालूद्याचे. उंच, कडेला नक्षी, वर गुलाबी पट्टी. काका म्हणाले, "दांडा आहे की नाही?" होता. खोटं कसं बोलणार?

मेहदीपट्टणमला इराणी चहा आणि उस्मानिया बिस्किटं झाली. तिथून मोईनाबाद, चेवेळ्ळा, मन्नेगुडा असा सरळ रस्ता विकाराबादला जातो. अडीच तास धरा, थांबत गेलात तर तीन. चेवेळ्ळ्याच्या आसपास दोन्ही बाजूंनी जुने वड आहेत, रस्त्यावर नुसती सावली. तिथे गाडी हळू घ्या, कारण सुंदर आहे आणि कारण बैल मध्येच येतात. नाश्ता चेवेळ्ळ्यालाच करा. आम्ही इडली खाल्ली, वर शेंगदाण्याची चटणी. काकूंनी मात्र एकच इडली घेतली. एरवी तीन घेतात.

"काकू, बरं वाटत नाही का?"

"रिकाम्या पोटी प्यायची नसते ना?"

"नाही."

"अन् भरल्या पोटी?"

"भरल्या पोटी चालते."

"मग आण अजून दोन."

विकाराबाद सोडलं की घाट सुरू होतो. घाट म्हणजे आपल्या खंडाळ्यासारखा नव्हे हं. चार-दोन वळणं, साग आणि बांबू, तांबडी माती, आणि वर गेलं की डिसेंबरात हवेत छान गारवा. वाटेत पद्मनाभस्वामींचं देऊळ लागतं. काका म्हणाले, आधी दर्शन घेऊ. काकू गाडीतून उतरल्याच नाहीत. "डिकीत बाटली ठेवून देवापुढे जाऊ होय? परत येताना जाऊ." "येताना तर ती पोटात असेल," काका म्हणाले. काकू विचारात पडल्या. शेवटी त्यांनी गाडीत बसूनच हात जोडले आणि काच वर केली.

बागेत पोचलो. यादगिरीने चूल मांडली, दगड तापत ठेवला. आता शिकवणी. पहिला धडा मी इंटरनेटवरून पाठ केला होता: लाल वाइन खोलीच्या तापमानाला प्यावी असं म्हणतात, पण ती खोली युरोपातली. आपल्याकडे दुपारी ठेवली तशी ओतली तर ती काढ्यासारखी लागते, म्हणून आधी जरा गार करावी. सोळा ते अठरा अंश. बागेत फ्रिज नाही, पण विहीर आहे. बाटली बादलीत घालून सोडली खाली. दोराला काका.

अर्ध्या तासाने वर काढली तर काकांनी खिशातून थर्मामीटर काढलं. तापाचं. झटकलं, बाटलीला लावलं, वाट पाहिली, भिंगातून वाचलं. पारा होता तिथेच. "चौऱ्याण्णवच्या वर नाही," ते म्हणाले.

"काका, ते चौऱ्याण्णवच्या खाली दाखवतच नाही."

"म्हणजे ताप नाहीये. घ्या."

दुसरा धडा, उघडणे. बुचाला लागणारा तो पिळाचा स्क्रू मी विकत घेतला होता. तो घरी स्वयंपाकाच्या ओट्यावर राहिला होता. यादगिरीच्या हत्यारांत पाने होते, जॅक होता, अगरबत्त्या होत्या. काकांनी सुरी घालून बघितली, तर बुचाचा भुगा पडायला लागला. मग काकू उठल्या, "सरका अहो," म्हणाल्या, ताकाची रवी उलटी धरली, दांडा बुचावर टेकवला आणि वरून एक दणका दिला. बूच आत गेलं. त्याच्या जागी वाइन बाहेर आली, ती सगळी काकांच्या पांढऱ्या शर्टावर.

नेमका त्याच वेळी बागेचा राखणदार कुंपणाशी आला. त्याने रवी हातात घेतलेल्या काकू बघितल्या, छातीवर लालभडक डाग घेऊन उभे असलेले काका बघितले आणि हातातली काठी टाकून "अय्यो सार" म्हणत आत पळत आला. काका म्हणाले, "कुछ नहीं, कुछ नहीं, पाँच हजार फीट की है." त्याला काही कळलं नाही. यादगिरीने तेलुगूत समजावलं तेव्हा तो गेला, पण जाताना काकूंपासून जरा लांबून गेला.

बुचाचा भुगा होता म्हणून वाइन चहाच्या गाळणीने स्टीलच्या जगमध्ये गाळली. मंडळी, हे आम्ही नाइलाजाने केलं, पण करायचं असतंच. तरुण माल्बेक उघडल्या उघडल्या जरा आखडलेली असते. रुंद भांड्यात ओतून अर्धा तास हवा लागू दिली की मोकळी होते. त्यासाठी लोक नक्षीदार काचेची भांडी घेतात. स्टीलचा जग आणि चहाची गाळणी घ्या, पैसे वाचवा.

आणि आता तो क्षण. मी फालूद्याच्या ग्लासात दोन बोटं वाइन ओतली. गडद जांभळी, कडेला गुलाबी झाक. काकूंनी ग्लास घेतला, बाजूला ठेवला, पिशवीतून चमचा काढला, थर्मासमधून वाटीत कोमट पाणी घेतलं. दोन चमचे वाइन, दोन चमचे पाणी. डोळे मिटले, नाक दाबलं, गटकन गिळलं आणि वर गुळाचा खडा तोंडात टाकला.

"झालं," त्या म्हणाल्या. "एवढंच ना? उगाच घाबरायले होते."

"काकू, हे काय केलंत?"

"काय म्हणजे? द्राक्षासव असंच घेतात. जेवणानंतर दोन चमचे, समभाग पाणी. बाळंतपणापासून घेतेय मी. माझ्या सासूबाई घ्यायच्या. त्या बाटलीवर पण द्राक्षंच असतात, हिच्यावर पण द्राक्षंच आहेत."

मी काकांकडे बघितलं. काका म्हणाले, "द्राक्षासवात पण अल्कोहोल असतं. लिहिलेलं असतं बाटलीवर. मी वाचलंय."

काकूंनी चमचा खाली ठेवला. मग हळूच म्हणाल्या, "म्हणजे अवीच्या जन्मापासून मी प्यायलेय?" काका म्हणाले, "रोज, जेवणानंतर." यावर काकूंनी जे केलं ते मला अपेक्षित नव्हतं. त्या मांडी सैल करून बसल्या आणि एकदम निवांत झाल्या. "मग काय भ्यायचं," म्हणाल्या. "आण तो ग्लास."

नाक दाबायचं नाही, उलट नाक आत घालायचं, हे शिकवायला वेळ लागला. ग्लास दांड्याला धरायचा, हळूच फिरवायचा, मग वास घ्यायचा. फालूद्याचा ग्लास उंच आहे, त्यात काकूंचं नाक काही पोचेना, पण त्यांनी नेटाने वास घेतला आणि थांबल्या. परत घेतला.

"जांभळं," म्हणाल्या. "झाडाखाली पडलेली, उन्हात राहिलेली. आमच्या शेताच्या बांधावर असायची."

वाइनच्या पुस्तकांत तिथे प्लम आणि व्हायोलेटची फुलं म्हणतात. आपण जांभूळ म्हणावं. मी त्यांना सांगितलं की ही द्राक्षाची जात मूळची फ्रान्सची. तिथे तिला फारसं कुणी विचारत नाही, थंडीने आणि पावसाने हैराण होते. अर्जेंटिनाला डोंगरावर नेऊन लावली आणि तिथे तिचं सोनं झालं. उंचावर ऊन कडक, म्हणून साल जाड आणि रंग गडद. रात्री गार, म्हणून आंबटपणा टिकतो आणि गोडमिट्ट होत नाही.

"म्हणजे माहेर फ्रान्स अन् सासर अर्जेंटिना," काकू म्हणाल्या. "अन् सासरी जाऊन फुलली. असं पण असतं म्हणायचं."

मी त्यांच्याकडे बघितलं, पण त्या दगडावरचं मटण उलटत होत्या.

मग दुसरी चूक झाली, तीही सांगते, म्हणजे तुमच्याकडून होणार नाही. काकूंनी भाकरी-ठेच्याचा घास घेतला आणि त्यावर वाइनचा घोट. तिखटावर लाल वाइन म्हणजे आगीत तेल. काकूंच्या डोळ्यांतून पाणी, कानांतून वाफ. ठसका असा लागला की विहिरीवरचे पारवे उडाले. ताक प्यायल्या, गूळ खाल्ला, आणि डोळे पुसत म्हणाल्या, "त्यांच्यासमोर असं झालं तर अवी काय म्हणेल गं?"

आवाज असा होता की माझं हसू आटलं. एवढा वेळ सगळी गंमत चालली होती, पण ही बाई खरोखर घाबरली होती. म्हणाल्या, "त्याला तिथे सगळं येतं. त्यांची भाषा येते, त्यांच्यात कसं बसायचं ते येतं. मी फोनवर बोलले की तो मला सावकाश सावकाश समजावून सांगतो, जसं मी त्याला लहानपणी सांगायची. मला नाही आवडत ते. मी त्याची आई आहे. त्याने मला सांभाळून घ्यायचं वय अजून झालं नाही माझं." काका शर्ट वाळत घालत होते, ते तिथेच थांबले. मला काकूंचा हात धरावासा वाटला आणि मी धरलाही. त्यांनी तो दोन मिनिटं राहू दिला, मग म्हणाल्या, "सोड, मटण करपतंय."

आणि त्या मटणानेच गाडं रुळावर आलं. पत्थर का गोश्त म्हणजे पातळ काप, त्याला कच्ची पपई, आलं-लसूण, काळी मिरी आणि मीठ. लाल तिखट नाही. तापलेल्या दगडावर चरचर भाजायचं, कडा काळपट होईपर्यंत. त्याचा एक घास, चावून होत आलेला, आणि त्यावर माल्बेकचा छोटा घोट. घोट लगेच गिळायचा नाही, जिभेवर फिरवायचा. काकूंनी तसं केलं. आम्ही तिघं, कुंपणापलीकडचा राखणदार धरून चौघं, त्यांच्या तोंडाकडे बघत होतो. तोंड वाकडं झालं नाही. ठसका लागला नाही.

"मटण बरं झालंय," त्या म्हणाल्या.

"आणि वाइन?"

"मटणाला बरी आहे."

एवढ्यावर समाधान मानायचं असतं. त्यांनी अजून एक घोट घेतला, मग न सांगता अजून एक. यादगिरीने विचारलं, "अम्मा, दवा है क्या?" काकू म्हणाल्या, "हौ, खून बढने की." "मेरेकू नक्को, गाडी चलानी है," म्हणत त्याने ताकाचा ग्लास उचलला. काकांनी एकदाच चव घेतली, "दाब बरोबर आहे," असं प्रमाणपत्र दिलं आणि खाटेवर आडवे झाले. परतीच्या वाटेवर काकू देवळापाशी उतरल्याच. लांबूनच, दीपमाळेपाशी उभं राहून नमस्कार केला आणि प्रसादाचा नारळ मला आणायला लावला. उन्हं कलायच्या आत मन्नेगुडा, दिवेलागणीला नल्लकुंटा.

सगळा खर्च, गाडी-वाइन-मटण-इडल्या धरून, अडीच हजारांच्या आत. फालूद्याचे ग्लास वेगळे.

मग पुढच्या आठवडाभर रोज जेवताना सराव. ग्लासात कोकम सरबत, दांड्याला बोटं, फिरवणं, वास, घोट. भजनी मंडळाच्या बायकांनी विचारलं तर काकू म्हणाल्या, गुडघ्यासाठी आहे.

आणि ते आले. अविनाश, लुसिया, तिचे वडील रामोन आणि आई मार्ता. रामोन धिप्पाड, काकांना त्यांनी मिठी मारली तेव्हा काकांचा चष्मा त्यांच्या मिशीत अडकला. मार्ता बारीकशा, हसऱ्या, सारख्या साडीच्या पदरांना हात लावून बघणाऱ्या. काकूंनी दारात त्यांना ओवाळलं, ओटी भरली. जेवायला बसलो. दगडावरचं मटण, बगारा भात, दह्याची चटणी. तिखट जरा हात राखून.

रामोननी बाटली उघडली, काय सफाईने उघडली, बूच टक् करून बाहेर. सगळ्यांच्या ग्लासात ओतत ते काकूंपर्यंत आले. तोच अविनाश खुर्ची सरकवून उभा राहिला. घसा खाकरला. त्याने वाक्य पाठ करून आणलं होतं हे दिसत होतं.

"बस रे," काकू म्हणाल्या. "उभा राहून काय सांगायलास त्यांना?" आणि त्यांनी आपला ग्लास रामोनपुढे केला.

अविनाश उभाच राहिला, तोंड अर्धं उघडं. रामोननी ओतली. काकूंनी दांडा धरला, एकदा फिरवला, नाक नेलं, डोळे मिटले, सगळ्यांच्या ग्लासांना ग्लास लावला आणि छोटा घोट घेऊन जिभेवर फिरवला. तोंड सरळ. ठसका नाही. रामोननी टेबलावर थाप मारली आणि त्यांच्या भाषेत काहीतरी मोठं म्हणाले. अविनाश खाली बसला आणि आईकडे बघतच राहिला. मला इतका अभिमान स्वतःच्या प्रमोशनचाही वाटला नव्हता.

मग काकूंनी विजयी नजरेने विहिणीकडे पाहिलं. मार्ताबाईंनी आपला ग्लास हळूच नवऱ्याकडे सरकवला होता. पर्समधून त्यांनी द्राक्षाच्या रसाच्या दोन छोट्या बाटल्या काढल्या, बिनअल्कोहोलच्या, टॉवेलात गुंडाळलेल्या, थेट मेंदोसाहून आणलेल्या. एक स्वतःपुढे ठेवली. दुसरी हातात तशीच धरून काकूंच्या ग्लासाकडे बघत राहिल्या.

लुसियाने त्यांचं बोलणं इंग्रजीत सांगितलं आणि अविनाशने मराठीत. "त्या म्हणतात, त्यांना वाइन कधीच आवडली नाही. डोकं दुखतं. सगळं सासर द्राक्षांचं, त्यामुळे प्रत्येक जेवणाला त्या एकट्याच रस घेऊन बसतात. तू घेत नाहीस हे लुसियाकडून कळलं तेव्हा त्यांना फार बरं वाटलं होतं. म्हणून दोन आणल्या."

काकूंनी माझ्याकडे एक नजर टाकली. ती नजर मी इथे लिहू शकत नाही, घरातली लहान मुलंही हा ब्लॉग वाचतात. मग त्या उठल्या, आपला ग्लास घेऊन टेबलाला वळसा घालून विहिणीशेजारी जाऊन बसल्या. ती दुसरी बाटली मार्ताबाईंच्या हातातून घेतली आणि आपल्या ताटाशी ठेवली.

"अवी, सांग त्यांना," काकू म्हणाल्या. "उद्यापासून मी यांच्यासोबत. आज तेवढं हे संपवते, लई मेहनत लागलीय."